समुद्र समोर असताना टँकर कशाला? मनोरीच्या निःक्षारीकरणाचा हिशेब

चारकोपकर (धागाकर्ता)

मुंबईतल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत यंदा टँकरच्या खर्चावरून बरीच खडाजंगी झाली आणि शेवटी एका ज्येष्ठ सभासदांनी सचिव म्हणून मलाच उभे केले. "गच्चीवरून खाडी दिसते, तरी आपण शंभर किलोमीटरवरचे पाणी पितो आणि ते पुरले नाही की टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करतो. मग समोरचेच पाणी गोडे करून का घेत नाहीत?" असा त्यांचा प्रश्न होता. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे उत्तर मला यायला हवे होते. सभेत मात्र मी वेळ मारून नेली. नंतर वाचून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. पाणीपुरवठ्यात किंवा जहाजांवर काम केलेल्या सभासदांनी चुका अवश्य दाखवाव्यात.

आपल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ते ३६ ग्रॅम क्षार असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जातात. म्हणजे सत्तर भाग मिठातले एकोणसत्तर भाग बाहेर काढायचे. त्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करून ती थंड करणे. पण एक हजार लिटर पाण्याची एकदाच वाफ करायची तर सव्वासहाशे युनिटांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती परवडण्यासारखी नाही. म्हणून आखाती देशांतल्या जुन्या कारखान्यांत एकामागून एक अशा कोठड्या असतात. प्रत्येक पुढच्या कोठडीत दाब आधीपेक्षा कमी ठेवलेला असल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते, आणि वाफ थंड होताना जी उष्णता सोडते तिने आत येणारे खारे पाणी तापवले जाते. शेजारी तेलावरचे वीजकेंद्र आणि त्याची वाफ उपलब्ध असेल, तरच हे गणित जमते.

दुसरा मार्ग आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचाच, म्हणजे व्यस्त परासरणाचा. गोडे पाणी आणि समुद्राचे पाणी यांच्यामध्ये योग्य पडदा ठेवला, तर गोडे पाणी आपण होऊन खाऱ्याकडे जाते. ते थोपवायलाच सुमारे २७ बार दाब लागतो आणि उलटे वाहवायला प्रत्यक्षात ५५ ते ७० बार. सात मजले पाणी चढवणाऱ्या आमच्या पंपाला तीन बार पुरतात. ६० बार म्हणजे माथेरानच्या पाऊण उंचीपर्यंत पाणी चढवण्याइतका जोर झाला. १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा असा पडदा तयार केला, की ज्याच्या एका बाजूला अतिशय पातळ दाट थर आणि त्याच्यामागे सच्छिद्र आधार होता. त्याआधीचे पडदे मीठ अडवत, पण पाणी थेंबाथेंबाने सोडत. सौरिराजन हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले याची थोडी खंत वाटते. पुढे पॉलिअमाइडचे पडदे आले. त्याहून मोठी बचत झाली ती एका यांत्रिक युक्तीने: उरलेले अतिखारे पाणी बाहेर पडताना जवळजवळ पूर्ण दाबाखाली असते, आणि तो दाब आत येणाऱ्या पाण्याला परत देणारे यंत्र बसवता येते. निम्मे पाणी गोडे काढायचे तर निसर्गनियमानुसार हजार लिटरला किमान एक युनिटच्या आसपास ऊर्जा लागतेच. आजचे चांगले कारखाने सगळे धरून तीन ते चार युनिटांत काम करतात, म्हणजे यापुढे सुधारणेला फारशी जागा उरलेली नाही.

मुंबईच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मनोरीला महापालिकेने समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला २० कोटी लिटरचा, पुढे ४० कोटी लिटरपर्यंत वाढवता येईल असा प्रकल्प योजला आहे. २०२१ मध्ये इस्रायलच्या आयडीई कंपनीशी अहवालासाठी करार झाला. त्यानंतरची निविदा प्रक्रिया मात्र एका फेरीत आटोपली नाही. माझे आजचे मत असे, की प्रकल्प व्हावा आणि लवकर व्हावा.

निवृत्त_जलअभियंता

चारकोपकर, पडद्याचे विवेचन नीट झाले आहे. पाण्याचे विवेचन मात्र तुम्ही गाळले. तीस वर्षे या शहराच्या जलवाहिन्यांवर काढल्यामुळे दोन गोष्टी सांगणे मला भाग आहे.

मुंबईचे पाणी दुरून येते हे खरे, पण त्यातला मोठा भाग उतारावरून आपल्या वजनाने येतो. विहार १८६०चे, तुळशी १८७९चे, तानसा १८९२चे. त्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. भातशाचे पाणी वाटेत पंपाने उचलावे लागते, पण बाकीच्या जलाशयांची जागा निवडताना पाणी शहरापर्यंत उताराने आणता येईल का, हा प्रश्न आधी विचारला गेला. मुंबईकराला हजार लिटर पाणी आजही दहा रुपयांच्या आत मिळते याचे मोठे श्रेय त्या उताराला आहे. आता मनोरीकडे पाहा. दिवसाला २० कोटी लिटर, हजार लिटरला साडेतीन युनिट धरली, तर रोज ७ लाख युनिट वीज झाली, म्हणजे चोवीस तास अखंड २९ मेगावॉटची मागणी. युनिट आठ रुपयांना धरले, तर नुसत्या विजेचेच हजार लिटरमागे २८ रुपये होतात. भांडवल, व्याज, पाचसात वर्षांनी बदलावे लागणारे पडदे, रसायने आणि माणसे यांचा खर्च वेगळा. देशातल्या विजेच्या आजच्या मिश्रणात युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो, म्हणजे रोज पाचशे टनांच्या आसपास. शिवाय समुद्रपातळीला तयार झालेले पाणी टेकडीवरच्या सेवा जलाशयात पंपाने चढवावे लागते, कारण आपले सगळे जाळे वरून खाली वाहण्यासाठी आखलेले आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पुरवठा होतो. मनोरीचे २०० म्हणजे त्याचे पाच टक्के. जी पाच टक्के पाणीकपात जाहीर झाल्यावर आपल्या इमारतीत कोणाला पटकन कळतही नाही, तेवढे हे पाणी आहे. १० टक्के कपात टाळायची असेल तर विस्तारलेला, ४०० चा प्रकल्प लागेल.

गोराई_दोन

वरील हिशेब मान्य आहे, परंतु तुलना कोणत्या पाण्याशी करायची हे आधी ठरवावे. आमच्या संस्थेने मे महिन्यात दहा हजार लिटरच्या टँकरला अडीच हजार रुपये मोजले, म्हणजे हजार लिटरला अडीचशे. समुद्राचे पाणी सगळा खर्च धरून त्याच्या निम्म्याहून कमीत पडणार असेल, तर ते आम्हाला स्वस्तच आहे.

निवृत्त_जलअभियंता

तुमच्यापुरते बरोबर आहे. पण ते पाणी तुमच्या नळाला वेगळे येणार नाही. जाळ्यात मिसळून सगळ्यांना जाईल आणि त्याचा खर्चही सगळ्यांच्या पाणीपट्टीत मिसळेल. टँकर बंद होतील असे गृहीत धरू नये. ज्या इमारती जलवाहिनीच्या टोकाला आहेत, तिथे चावीवाल्याने झडप उघडल्यावर दाब पोचतो की नाही हा प्रश्न तसाच राहतो.

जुना_खलाशी

धागाकर्त्यांनी जहाजांची आठवण काढली म्हणून लिहितो. मी सत्तावीस वर्षे इंजिनरूममध्ये काढली आणि त्यातली बहुतेक वर्षे स्वतः बनवलेल्या पाण्याने आंघोळ केली. जहाजाच्या मुख्य इंजिनाला थंड ठेवणारे पाणी ऐंशी अंशांच्या पुढे तापलेले असते. ती उष्णता एरवी वायाच जाते. एका बंद पिंपातली हवा खेचून घेऊन निर्वात केले, की समुद्राचे पाणी चाळीस-पन्नास अंशांनाच उकळते आणि दिवसाला वीस-तीस टन गोडे पाणी मिळते. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर क्षार मोजणारा पहारेकरी बसवलेला असतो. लिटरला दहा मिलिग्रॅमची हद्द ओलांडली, की झडप आपोआप ते पाणी परत पाठवते. चवीला ते इतके सपक, की नवे पोरगे दोन दिवस तोंड वाकडे करायचे.

आता मनोरीला लागू पडणारी गोष्ट. किनाऱ्यापासून वीस सागरी मैलांच्या आत आलो, की आम्ही ते यंत्र बंद करायचो, असा जहाजांवरचा सर्वसाधारण दंडक आहे. कारण उघड आहे: चाळीस-पन्नास अंशांना जंतू मरत नाहीत, आणि बंदराजवळच्या पाण्यात शहराचे सांडपाणी, तेल आणि गाळ असतो. मुंबई जवळ आल्याची खूण आम्हाला दिव्यांच्या आधी पाण्याच्या रंगावरून पटायची. तुमचा प्रकल्प नेमका त्या वीस मैलांच्या आत, अगदी काठावर पाणी उचलणार आहे. पडद्यातून जंतू जात नाहीत हे मला ठाऊक आहे. पडद्याचे काय होईल, हे जाणकारांनी सांगावे.

एक अवांतर. एडनचा कारभार एकेकाळी मुंबई इलाख्यातून चाले आणि त्या रखरखीत बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच समुद्राच्या पाण्याची वाफ धरून गोडे पाणी करणारी यंत्रे बसली होती. म्हणजे मुंबईच्या दप्तराला हा विषय नवा नसावा.

मीठभाकर

आमचे आजोबा भाईंदरच्या मिठागरात राबले. खाजणात भरतीचे पाणी घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत सोडत उन्हाने आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ ओढायचे. त्यामुळे दोन शंका मनात येतात. एक, काचेखाली पाणी तापवून सूर्याकडूनच गोडे पाणी का मिळवू नये? दुसरी, प्रकल्पातून जे दुप्पट खारे पाणी उरते ते समुद्रात सोडण्याऐवजी मिठागरांना का देऊ नये? त्यांचे निम्मे आटवणे आयतेच होऊन जाईल.

चारकोपकर

दोन्ही शंकांचा हिशेब मांडून पाहिला. काचेच्या साध्या सौरयंत्रातून चौरस मीटरला दिवसाकाठी चार लिटर पाणी मिळते असे धरू. २० कोटी लिटरसाठी ५० चौरस किलोमीटर काच लागेल, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा जवळपास निम्मा भाग झाकावा लागेल. आणि ज्या जून-जुलैमध्ये पाणी सर्वांत जास्त हवे, तेव्हा आभाळ भरलेले असेल. एखाद्या बेटावरच्या चार घरांसाठी ही उत्तम सोय आहे, शहरासाठी नाही.

मिठाचे गणित करताना मात्र मीच चकित झालो. शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून पंचेचाळीस लिटर गोडे निघते असे धरले, तर २० कोटी लिटरसाठी रोज सुमारे ४४ कोटी लिटर पाणी उचलावे लागते. त्यात रोजचे १६,००० टन मीठ असते, वर्षाचे ५८ लाख टन. संपूर्ण भारतात वर्षाला तीन कोटी टनांच्या आसपास मीठ पिकते. त्याचा पाचवा हिस्सा एकट्या मनोरीत काढून तो ठेवायचा कुठे आणि विकायचा कोणाला? आपल्या आजोबांच्या मिठागराला थोडे पाणी जरूर देता येईल, आणि पावसाचे चार महिने तेही नाही. उरलेले २४ कोटी लिटर, लिटरला ६५ ग्रॅम मीठ असलेले पाणी रोज समुद्रालाच परत द्यावे लागेल.

वल्हं_मनोरी

मी मनोरीची आहे आणि आमच्या घरी आजही होडी आहे. "समुद्रालाच परत द्यावे लागेल" हे वाक्य आपण सहज लिहून गेलात, म्हणून लिहायला बसले. आपण ज्याला समुद्र म्हणता, त्यात आमची डोल जाळी लागतात. डोल ही भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते. जाळे एका जागी रोवलेले असते आणि पाणी त्याच्यात बोंबील, जवळा, मांदेली आणून घालते. जड खारे पाणी तळाला बसते असे मी वाचले आहे. तसे असेल, तर ते पसरायला ओढ हवी. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत ओढ एवढी असते, की तुमचे पाणी तासाभरात कुठल्या कुठे जाईल. पण भांगाच्या, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी सुस्त असते. त्या दिवसांचा विचार अहवालात झाला आहे का, हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही. दुसरे असे, की दिवसाला ४४ कोटी लिटर पाणी आत ओढताना त्याबरोबर माशांची अंडी आणि सुईएवढी पिल्लेही जाणार. मोठा मासा जाळीवरून परत फिरेल, पिल्लू फिरणार नाही. विरोधासाठी विरोध करायचा नाही, आम्हालाही नळाला पाणी कमीच येते. परंतु नळ कुठे असणार आणि मोरी कुठे असणार, एवढे तरी नकाशावर दाखवावे.

पापुद्रा

पडद्यांच्या संशोधनाशी माझा संबंध असल्यामुळे खलाशीकाका आणि मनोरीच्या ताई, दोघांच्याही प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

उरलेले पाणी सोडण्याची रूढ पद्धत अशी, की किनाऱ्यापासून दूर तळाशी नळ नेऊन त्याला अनेक तोंडे ठेवतात आणि पाणी जोराने तिरके वर फेकतात, म्हणजे ते खाली बसण्याआधी आजूबाजूच्या पाण्यात मिसळते. हे काम सगळीकडे नीट होते असा दावा मी करणार नाही. पाणी उचलण्याच्या बाबतीत वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरच्या आत ठेवावा असा संकेत आहे, कारण तेवढ्या ओढीतून पोहू शकणारा मासा निसटतो. अंडी आणि पिल्ले मात्र निसटत नाहीत, हे ताईंचे म्हणणे बरोबरच आहे. वाळूखाली विहिरी खणून पाणी घेतले तर तो प्रश्न मिटतो, परंतु एवढ्या प्रमाणावर ते आपल्या गाळाच्या किनाऱ्यावर जमणे मला कठीण दिसते.

आता पडद्याचे काय होते ते सांगतो. पडद्याला मीठ त्रास देत नाही. त्रास देतो तो गाळ, शेवाळ, तेल आणि जिवाणूंचा चिकट थर. घरच्या आरओच्या मेणकापडासारख्या गुंडाळीत जे सहा महिन्यांत होते, ते तिथे आठवड्यात होऊ शकते. २००८-०९ मध्ये आखातात तांबड्या शेवाळाची लाट आली, तेव्हा काही कारखाने कित्येक आठवडे बंद ठेवावे लागले होते. जिवाणू मारायला क्लोरीन घालावे, तर पॉलिअमाइडचा पडदा क्लोरीननेच कुजतो. म्हणून आधी क्लोरीन घालायचे आणि पडद्याच्या तोंडाशी रसायनाने ते मारायचे, अशी कसरत चालते. त्याआधी तुरटीच्या जातीची द्रव्ये घालून गाळ बसवणे, हवेचे बुडबुडे सोडून तेल-शेवाळ तरंगवून काढणे आणि मग बारीक गाळण्या. कारखान्याची अर्धी जागा आणि बहुतेक डोकेदुखी पडद्याच्या अलीकडेच असते. पलीकडचे काम सोपे आहे: मिळालेले पाणी इतके क्षारहीन असते, की ते नळांचे लोखंड आणि सिमेंट खाऊ लागते, म्हणून ते चुनखडीवरून नेऊन त्यात थोडा कॅल्शियम मिसळतात. समुद्रातला बोरॉन मात्र पडद्यातून काहीसा निसटतो, आणि तो कमी करायला कधीकधी पडद्याची दुसरी फेरी द्यावी लागते.

चेन्नईचे उदाहरण आता कोणीतरी देईल, म्हणून आधीच सांगतो. मिंजूरचा १० कोटी लिटरचा प्रकल्प २०१० मध्ये, नेमेलीचा तेवढाच २०१३ मध्ये आणि नेमेलीचाच १५ कोटी लिटरचा दुसरा २०२४ मध्ये सुरू झाला. प्रकल्प चालतात यात शंका नाही. पण तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईत उधाणाला तो पाच मीटरांच्या जवळ जातो. रोज दोनदा एवढे पाणी आतबाहेर झाले, की तळाचा चिखल ढवळून निघतो. चेन्नईची उपकरणे उचलून मनोरीत मांडता येणार नाहीत.

वल्हं_मनोरी

पावसाळ्यातले पाणी पाहिले आहे का आपण? मृगापासून श्रावणापर्यंत आमच्यासमोरचा समुद्र चहाच्या रंगाचा असतो. खाडीतून वाहून येणारे प्लास्टिक वेगळेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, पण बंदी नसती तरी त्या पाण्यात कोणी होडी घातली नसती.

चारकोपकर

ताईंच्या या चार ओळींनी माझे पहिल्या लेखनातले मत डळमळले, हे कबूल करतो. मी आत्तापर्यंतच्या पाणीकपातींच्या तारखा पाहिल्या. २०२३ मध्ये १० टक्के कपात १ जुलैपासून लागू झाली. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के. हे अपेक्षितच आहे. सातही जलाशय तुडुंब भरले तर १४,४७,३६३ दशलक्ष लिटर साठा होतो, म्हणजे रोजच्या ३,९०० च्या हिशेबाने वर्षभराहून जेमतेम सहा दिवस जास्त. साठा तळाला जातो तो जूनमध्ये, आणि शहरात पाऊस पडत असतानाही शहापूर-मोखाड्याच्या बाजूला जोर धरेपर्यंत कपात राहते. म्हणजे मनोरीच्या पाण्याची गरज ज्या पाचसात आठवड्यांत सर्वांत जास्त, त्याच आठवड्यांत तिथले समुद्राचे पाणी वर्षातले सर्वांत वाईट असणार. दुष्काळी वर्षाचा विमा म्हणून मी या प्रकल्पाकडे पाहत होतो. विमा नेमका त्याच महिन्यात लंगडा पडत असेल, तर पडद्याअलीकडच्या गाळण्यांवर किती खर्च धरला आहे हा खरा प्रश्न ठरतो.

निवृत्त_जलअभियंता

विम्याची कल्पनाही तपासून पाहावी. मेलबर्नजवळचा मोठा प्रकल्प २०१२ मध्ये पुरा झाला आणि पाऊस चांगला झाल्यामुळे २०१७ पर्यंत त्यातून शहराने पाणी घेतलेच नाही. कर्जाचे हप्ते मात्र चालू होते. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराने नव्वदीच्या सुरुवातीला बांधलेला प्रकल्प पाऊस पडताच बंद केला आणि २०१७ मध्ये नव्याने यंत्रे बसवून सुरू केला. पडदे बंद ठेवायचे तरी रसायनात भिजवून ठेवावे लागतात, त्यामुळे बाराही महिने चालवणे त्यातल्या त्यात स्वस्त पडते. मग ऑक्टोबरात तलाव भरलेले असताना २८ रुपयांच्या विजेचे पाणी घ्यायचे आणि उताराचे पाणी धरणात राहू द्यायचे, असा व्यवहार होतो. तो अगदीच चुकीचा नाही, कारण तेवढे पाणी धरणात जूनसाठी शिल्लक राहते. पाणी मनोरीत साठवण्यापेक्षा भातशात साठवलेले बरे. मात्र हा व्यवहार असा आहे, हे लोकांना सांगायला हवे.

मीठभाकर

गळतीचे काय? ती निम्मी थांबवली तर मनोरी नकोच.

निवृत्त_जलअभियंता

गळती, चोरी आणि मोजले न जाणारे पाणी मिळून पुरवठ्याचा पाव ते तिसरा हिस्सा जातो असे बोलले जाते. पाव धरला तरी मनोरीच्या जवळजवळ पाचपट. पण त्यातला बराच भाग जमिनीत मुरत नाही, कोणाच्या तरी हंड्यात जातो. ज्या वस्तीला नळजोडणीच मिळत नाही, ती वस्ती वाहिनीला भोक पाडते. ते बुजवल्याने पाणी वाचत नाही. मागणी दुसऱ्या दाराने येते. खरी गळती शंभर वर्षांच्या बिडाच्या वाहिन्यांत आहे आणि त्या ज्या गल्ल्यांखाली आहेत तिथे रात्री दोन ते पहाटे पाच एवढाच वेळ खणायला मिळतो. मी ते केले आहे. काम होते, पण मंत्र्यांना फीत कापण्याजोगे काही वर दिसत नाही.

पापुद्रा

याच ओघात सांडपाण्याचाही विचार व्हावा. सात मलजल केंद्रांचे जे नूतनीकरण चालू आहे त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर आहे. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात क्षार लिटरला साधारण एक ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या पस्तिसाव्या हिश्श्याइतके. तोच पडदा तिथे दहा-पंधरा बारांवर चालतो आणि वीज तिसऱ्या हिश्श्यावर येते. सिंगापूर २००३ पासून हे करते. पिण्यासाठी नको असेल तर बांधकामांना, उद्यानांना आणि कारखान्यांना द्यावे, तेवढे धरणाचे पाणी मोकळे होईल. समुद्राचे पाणी लोकांना पवित्र वाटते आणि हे वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

गोराई_दोन

एवढाच फरक असे म्हणू नये. आमच्या सभेत हा विषय काढणाऱ्या सचिवाची पुढच्या निवडणुकीत अनामत जप्त होईल.

जुना_खलाशी

लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून एक वेगळाच प्रयोग चालू आहे, त्याचा उल्लेख राहिला. वरचे पाणी अठ्ठावीस अंशांचे आणि साडेतीनशे मीटर खोलीवरचे पंधरा अंशांच्या आत. वरच्या पाण्याची निर्वातात वाफ करायची आणि खालच्या थंड पाण्याने ती धरायची. पडदा नाही, रसायन नाही, दिवसाला लाखभर लिटर पाणी. आमच्या जहाजावरच्या पिंपाचेच हे भावंड. मुंबईत ते का नाही, तर तेवढे खोल पाणी आपल्याजवळ नाही. बॉम्बे हाय शहरापासून १६० किलोमीटरवर आहे आणि तिथेही खोली जेमतेम पाऊणशे-ऐंशी मीटर. उलट तुर्भ्याला भाभा केंद्राने सायरस अणुभट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर दिवसाला तीस टनांचे छोटे यंत्र चालवून दाखवले होते आणि कल्पाक्कमला वाफ आणि पडदा एकत्र जोडून ६३ लाख लिटरचे. वाया जाणारी उष्णता जिथे आहे तिथे जाऊन पाणी करावे, ही जहाजी बुद्धी मला अजून पटते.

चारकोपकर

निवृत्त_जलअभियंता यांना एक प्रश्न. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, पण वल्हंताई म्हणतात तसे भांगाच्या दिवसांत ओढ कमी, म्हणजे गाळही कमी उठत असणार. मग किनाऱ्यावर एक मोठा तलाव बांधून त्यात निवळ पाणी भरून घ्यावे आणि उधाणाच्या दिवसांत तेच पडद्यांना द्यावे, असे करता येणार नाही का?

वल्हं_मनोरी

भांगाला पाणी थोडे निवळते हे खरे, पण आषाढात वारा पडला तरच. आणि भांग पंधरवड्यातून तीनचार दिवसच असतो, बाकीचे दिवस भरायचे कुठून?

निवृत्त_जलअभियंता

कागदावर करून पाहिले. एका दिवसाचे ४४ कोटी लिटर म्हणजे ४ लाख ४० हजार घनमीटर. तलाव पाच मीटर खोल धरला तरी एका दिवसाच्या साठ्याला जवळजवळ नऊ हेक्टर जागा लागते, आणि ताईंच्या हिशेबाने साठा निदान दहा दिवसांचा हवा. मनोरीत प्रकल्पाला म्हणून जी जागा सांगितली जाते ती सगळी मिळून बारा हेक्टर आहे.

चारकोपकर

म्हणजे गाळ बसवण्याचे काम यंत्रांनीच करावे लागणार, आणि तेही जुलैच्या पाण्यावर चाचणी घेऊन. अहवालासाठी समुद्राच्या पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यांत आणि भरतीच्या कोणत्या वेळी घेतले, एवढी एकच माहिती मागणारा अर्ज मी माहिती अधिकारात करतो आहे. मजकुराचा मसुदा उद्या येथे टाकतो. ताईंनी त्यात भांग-उधाणाचे शब्द बरोबर पडले आहेत का, ते पाहून द्यावे.

वल्हं_मनोरी

टाका. आणि तिथींप्रमाणे मागा, तारखांवरून ओढ कळत नाही. सप्तमी-अष्टमीचे नमुने असतील, तर ते पंधरवड्यातले सर्वांत शांत पाणी असेल.